रक्ताच्या तपासणीची तपासणी

ताप आला कीं रक्त तपासावयाचें, ही गोष्ट आतां घरोघरीं परिचयाची झाली आहे. तपासणीचा कागद हातीं पडतो, त्यांत आंकडे असतात, आणि त्या आंकड्यांवर भरंवसा ठेवून डॉक्टर औषध योजितात. परंतु हे आंकडे खरे कशावरून? सोनें कसोटीवर घासून घेणारे आपण, ज्या आंकड्यावर जीव अवलंबून आहे त्याचा कस कोण पाहतो, हें क्वचितच विचारतों. या प्रश्नाचें उत्तर येथें थोडक्यांत देण्याचें आम्ही योजिलें आहे.

ही शंका पोकळ नव्हे. इ. स. १९४७ सालीं अमेरिकेंत बेल्क व संडरमन या दोघांनीं एकाच द्रवाचे नमुने अनेक रुग्णालयांच्या प्रयोगशाळांकडे धाडले. नमुना एकच, तेव्हां उत्तरें जवळजवळ सारखीं यावयास हवीं होतीं. प्रत्यक्षांत त्यांत मोठी तफावत पडली, व पुष्कळ उत्तरें चुकीचीं ठरलीं.

यावर उपाय सांपडला तो कारखान्यांत. मालांतील दोष वेळींच ओळखतां यावा म्हणून शूहार्ट या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९२४ सालीं एक आलेख सुचविला होता. १९५० सालीं लेव्ही व जेनिंग्ज यांनीं तो प्रयोगशाळेंत आणिला. त्याची रीत अशी. ज्यांतील साखरेचें प्रमाण आधींच ठाऊक आहे, असा एक नमुना रोग्यांच्या नमुन्यांबरोबर रोज तपासावयाचा. समजा, त्याची सरासरी १०० आहे व नेहमींचा चढउतार ३ आहे. मग २० पैकीं सुमारें १९ वेळां उत्तर ९४ ते १०६ यांच्या दरम्यान येईल. तें ९१ च्या खालीं किंवा १०९ च्या वर गेलें, तर कांहीं तरी बिघडलें असें समजून त्या दिवसाचे अहवाल रोखून धरावयाचे. उत्तरें मर्यादेंत असूनही सतत एकाच बाजूस पडूं लागलीं, तर औषधी द्रव जुना झाला असेल, किंवा यंत्र आपल्या मापावरून ढळलें असेल.

परंतु यंत्र निर्दोष असूनही चूक होते. काढलेल्या रक्तांतील पेशी साखर खातच असतात. साध्या नळींत ती दर तासास ५ ते ७ टक्क्यांनीं घटते. उपाशीपोटीं १२६ किंवा अधिक साखर हें मधुमेहाचें लक्षण मानितात. १३० असलेलें रक्त दोन तास तसेंच पडून राहिलें, तर उत्तर १२० च्याही खालीं येईल, आणि रोगी मनुष्य निश्चिंत होऊन घरीं जाईल! म्हणून रक्त थंड ठेवावें लागतें व त्यांतील पेशी लौकर वेगळ्या कराव्या लागतात. नळीवर नांवही रोग्यासमोरच लिहावें लागतें. हीं कामें यंत्र करीत नाहीं. शिकविलेला माणूस करितो. यास्तव त्याला शिक्षण देऊन भागत नाहीं, त्याची परीक्षाही पुनः पुनः घ्यावी लागते.

घरची परीक्षा झाली, तरी बाहेरची उरतेच. आयडा स्कडर या मिशनरी बाईंनीं १९०० सालीं वेलोर येथें लहानशा दवाखान्यानें ज्या कार्यास आरंभ केला, त्यांतूनच उभें राहिलेलें ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालय भारतांतील प्रयोगशाळांसाठीं अशी परीक्षा चालवितें. उत्तर ठाऊक नसलेला नमुना प्रत्येकीस जातो, व इतरांच्या मानानें आपण कोठें आहों हें तिला कळतें. प्रयोगशाळांसाठीं आयएसओ १५१८९ हा आंतरराष्ट्रीय दंडकही २००३ सालीं निघाला असून, आपल्या देशांत त्याप्रमाणें पारख करून मान्यता देण्याचें काम एनएबीएल ही संस्था करिते.

पालकांस आमची विनंती इतकीच कीं, तपासणीस जातांना केवळ दर विचारूं नयेत. येथें रोज ठाऊक नमुना तपासतात काय, बाहेरची परीक्षा देतात काय, हेंही विचारावें. विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकीं कोणी उद्यां प्रयोगशाळेंत काम करील. नमुन्याचें उत्तर मर्यादेबाहेर गेलें आहे, बाहेर रोगी खोळंबले आहेत, आणि कोणी पाहतही नाहीं, अशा वेळीं अहवाल रोखून धरण्याचें धैर्य त्यानें दाखवावें. ज्याला त्याचें नांवही ठाऊक नाहीं अशा रोग्याचा जीव त्यामुळें वांचेल.