दारूचा कण आणि गोळीचे वजन

रिव्हॉल्व्हरचा चाप ओढला की घोडा काडतुसाच्या बुडावर आदळतो, आतील ठिणगीने दारू पेट घेते आणि एक-दोन सहस्रांश सेकंदात गोळी नळीबाहेर पडते. एवढ्या अल्प काळात काय घडते, हे डोळ्यांनी पाहणे अशक्यच होय. तथापि, ते जाणल्यावाचून कोणत्या गोळीस कोणती दारू योग्य, या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

या शोधाचा पाया इंग्रज गणितज्ञ बेंजामिन रॉबिन्स याने घातला. १७४२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने गोळीचा वेग मोजण्याची एक साधी युक्ती वर्णिली. एक जड लाकडी ठोकळा लंबकासारखा टांगावयाचा आणि त्यावर गोळी झाडावयाची. गोळी लाकडात रुतते व ठोकळा मागे झुलतो. तो किती झुलला हे त्यास बांधलेल्या फितीवरून कळते. दोहोंची वजने ठाऊक असल्यामुळे त्यावरून गोळीचा वेग गणिताने काढता येतो. वेग असा मोजता येऊ लागताच निरनिराळ्या दारूंची तुलना शक्य झाली.

त्या काळची दारू म्हणजे सोरा, कोळसा व गंधक यांचे मिश्रण. त्यातील घटकांच्या प्रमाणाइतकाच दाण्याचा आकारही महत्त्वाचा आहे, हे अमेरिकन अधिकारी टॉमस रॉडमन याने तोफांवरील प्रयोगांनी दाखवून दिले. दाणा नेहमी पृष्ठभागापासून आत जळत जातो. बारीक दाण्यांचा एकूण पृष्ठभाग मोठा; म्हणून ते झटकन जळतात आणि गोळा जागचा हलतो न हलतो तोच दाब शिगेस पोहोचतो. मोठा दाणा सावकाश जळतो. रॉडमनने दाण्यास छिद्रे पाडली. बाहेरचा पृष्ठभाग आकसत असता छिद्रांचा आतील पृष्ठभाग वाढत जातो. त्यामुळे वायूचा पुरवठा टिकून राहतो.

१८८४ साली फ्रान्सच्या पॉल व्हिएय याने नायट्रोसेल्युलोजपासून धूररहित दारू सिद्ध केली. ही दारू अधिक बलवान होती. तिचा आणखी एक गुण ध्यानात ठेवण्याजोगा आहे: दाब वाढला की तिच्या ज्वलनाचा वेगही वाढतो. जलद ज्वलनाने दाब वाढावा आणि वाढत्या दाबाने ज्वलन अधिक जलद व्हावे, असे हे चक्र आहे. म्हणूनच दारू थोडी अधिक घातली तर दाबही थोडाच वाढेल, हा समज घातक ठरतो.

आता रिव्हॉल्व्हरकडे वळू. त्याची नळी आखूड असते. रायफलीच्या लांब नळीत सावकाश जळणारी दारू गोळीस दीर्घकाळ ढकलू शकते. आखूड नळीत तीच दारू वापरली तर तिचा काही भाग नळीच्या तोंडाबाहेर जळून नुसता भडका उडतो. म्हणून येथे सामान्यतः शीघ्र जळणारी दारू निवडतात. मात्र गोळी जड असेल तर ती मंदपणे पुढे सरकते, वायूस पसरण्यास जागा उशिरा मिळते आणि दाब चढतो. गोळी काडतुसात अधिक खोल बसविल्यानेही आतील जागा कमी होऊन हाच परिणाम होतो. म्हणजे गोळी आणि दारू यांची निवड वेगवेगळी करता येत नाही. एक बदलली की दुसरीचा हिशेब नव्याने करावा लागतो.

यातून उद्‌भवणारा एक धोका इतिहासातून आलेला आहे. ४५ कोल्ट हे काडतूस १८७३ च्या सुमारास जुन्या काळ्या दारूसाठी आखले गेले. त्या दारूने ते जवळजवळ भरून जाई. दुप्पट माप त्यात मावणेच शक्य नव्हते. त्याच काडतुसात धूररहित दारू मात्र थोडीशीच लागते व बरीच जागा रिकामी राहते. अमेरिकेत रिकामी काडतुसे घरी पुन्हा भरण्याचा छंद पुष्कळांस आहे. भरताना लक्ष विचलित होऊन एकाच काडतुसात दोनदा माप पडले, तर वरून काहीच कळत नाही आणि झाडताना रिव्हॉल्व्हरचे फिरते चक्र फुटून हाताच्या चिंधड्या होऊ शकतात. यास्तव जाणता मनुष्य गोळी बसविण्यापूर्वी प्रत्येक काडतुसात उजेड पाडून पाहतो, उत्पादकाने प्रयोगान्ती दिलेल्या कोष्टकाबाहेर जात नाही, आणि एका दारूचे माप दुसरीस कधीही लावत नाही. ही कोष्टके दाबमापकांवर सिद्ध झालेली असतात. अंदाज त्यांची जागा घेऊ शकत नाही.

रॉबिन्सच्या आयुष्याचा शेवट भारतात झाला. ईस्ट इंडिया कंपनीच्या किल्ल्यांची दुरुस्ती करण्यासाठी तो येथे आला आणि १७५१ साली कडलूरजवळील सेंट डेव्हिड किल्ल्यात मृत्यू पावला. त्याने टांगलेल्या लाकडी ठोकळ्याचे कार्य आता विद्युत्‌ उपकरणे करितात. परंतु आधी मोजावे आणि मगच माप भरावे, हा त्याचा धडा अद्याप जुना झालेला नाही.