नॅनोनळीचा स्विच आणि होल्मचा जुना प्रश्न

कार्बन नॅनोट्यूबच्या स्विचमध्ये खराखुरा हलणारा भाग असतो. काही नॅनोमीटर जाडीची नळी एका टोकाला पक्की केलेली असते. व्होल्टेज दिले की विरुद्ध विद्युतभारांच्या ओढीने ती वाकते आणि समोरच्या इलेक्ट्रोडला टेकते. एरवी मध्ये पोकळी असल्यामुळे बंद ट्रान्झिस्टरमधून झिरपतो तसा प्रवाह इथे जवळजवळ झिरपत नाही. हार्वर्डच्या थॉमस रुकेस, चार्ल्स लीबर आणि सहकाऱ्यांनी 2000 साली एकमेकींवर आडव्या टांगलेल्या नळ्यांची संगणक-स्मृती सुचवली, तेव्हापासून या गुणाचा बराच गाजावाजा झाला. स्विच किती वेळा चालतो, हा प्रश्न मात्र मागे राहिला.

चाचणीत व्होल्टेज हळूहळू वाढवतात. बराच वेळ प्रवाह शून्याशी रेंगाळतो, मग नळी झडप घालते आणि तो एकदम उसळतो. व्होल्टेज उतरवताना नळी सुटते ती त्याहून बऱ्याच खालच्या पातळीवर. कधी सुटतच नाही: व्हॅन डर वाल्स बल तिच्या ताठपणाला भारी पडते. कधी टेकण्याच्या क्षणी साठलेला विद्युतभार एका बिंदूतून वाहून जातो आणि टोक जळते. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात होरासिओ एस्पिनोसा यांच्या गटाने धातूऐवजी हिऱ्यासारख्या कार्बनचे इलेक्ट्रोड वापरून हे बिघाड आटोक्यात आणले. तरी हिशेब कठोर आहे. सेकंदाला अब्ज वेळा उघडझाप करायची, तर हजार वेळा टिकणाऱ्या स्विचचे आयुष्य एक मायक्रोसेकंद भरते!

इथे राग्नार होल्म आठवायला हवेत. नॅनोच्या चर्चेत त्यांचे नाव क्वचितच निघते. बर्लिनमध्ये सीमेन्स कंपनीत काम केलेल्या या स्वीडिश शास्त्रज्ञाचा विद्युतसंपर्कांवरचा ग्रंथ 1941 साली आला. गुळगुळीत दिसणारे दोन धातूही, नुकतीच टाकी लावलेल्या जात्याच्या दोन तळ्यांसारखे, मोजक्या उंचवट्यांवरच टेकतात आणि सगळा प्रवाह त्या ठिपक्यांतून जातो, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा. मोठ्या रिलेत एक ठिपका जळला तर दुसरा भार घेतो. एकट्या नळीला असा राखीव ठिपका नसतो.

मोजमापही फसवे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली निरीक्षण चालू असताना शलाकेमुळे संपर्कावर कार्बनी थर बसू शकतो आणि रोध वाढतो. शिवाय एकपदरी धातुगुणी नळीचा रोध, संपर्क निर्दोष असला तरी, सुमारे 6.5 किलोओहमखाली जात नाही. ती पुंजभौतिकीची मर्यादा.

पुढे नँटेरो कंपनीने टांगलेल्या नळ्या सोडल्या आणि गुंतलेल्या नळ्यांचे पातळ पटल दोन इलेक्ट्रोडांमध्ये बसवले. त्यात संपर्कबिंदू असंख्य असतात.