आधी शिदोरी, मग सातासमुद्रापार

भोकरच्या रेल्वे स्थानकावर नांदेडकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत बसलो होतो. शेजारी ओळखीचे एक शेतकरी येऊन टेकले. रामराम झाला, पाऊसपाण्याचे बोलणे झाले. मग त्यांनी खिशातून घडी घातलेला एक रंगीत कागद काढला.

"काका, जरा वाचून सांगा. पोरगी नांदेडला नीटच्या शिकवणीला हाय. तिच्या मैत्रिणीनं हे दिलंय. परदेशात दोन आठवडे जाऊन दवाखान्यात सेवा करायची म्हणं. पोरगी जायचं म्हणायलीय. दोन लाख लागतेत. सोयाबीन अजून घरातच हाय. इकून टाकावं का?"

कागदावर आफ्रिकेतल्या एका खेड्यातल्या दवाखान्याचे चित्र होते. पांढरा कोट घातलेली हसरी तरुण मुले, भोवती गोरगरिबांची लेकरे. डॉक्टर होण्याआधीच डॉक्टरकीचा अनुभव मिळेल, शेवटी प्रमाणपत्र मिळेल आणि पुढच्या प्रवेशाला त्याचा उपयोग होईल, असे छापले होते.

मी विचारले, "पोरगी का जायचे म्हणते?"

"ती म्हणती, आबा, मला रगत बघवतं का नाही, मला हे काम जमतं का नाही, ते आधी बघायचंय."

तेवढ्यात गाडी आली आणि बोलणे अर्धेच राहिले. पण मुलीचे ते वाक्य मनातून गेले नाही. प्रश्न खरा होता, उत्तर मात्र महागाचे आणि भलत्याच ठिकाणचे होते. असे कागद आणखीही घरांत येत असतील, म्हणून चार गोष्टी नीट मांडून सांगाव्यात असे वाटले.

प्रमाणपत्राला गुण किती?

पहिली गोष्ट प्रवेशाची. आपल्या देशात एमबीबीएसचा प्रवेश नीट परीक्षेच्या गुणांवर होतो. परदेशात केलेल्या सेवेच्या प्रमाणपत्राला त्यात एकही गुण नाही. नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण वैद्यकीय महाविद्यालय घ्या, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालय घ्या किंवा लातूरचे घ्या, सगळीकडे हाच नियम आहे.

मग ही टूम निघाली कुठून? अमेरिकेत मुले आधी महाविद्यालयाची पदवी घेतात आणि मग वैद्यकीय शिक्षणासाठी अर्ज करतात. त्या अर्जात गुणांबरोबर, तुम्ही लोकांची कोणती सेवा केली, हेही पाहतात. म्हणून तिकडची मुले पैसे भरून गरीब देशांत जाऊ लागली आणि त्याचा धंदा झाला. पुढे तिकडच्याच वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेला २०११ साली मुलांना बजावावे लागले की, जे काम आपल्या देशात करायची परवानगी नाही, ते दुसऱ्या देशात जाऊन करू नका. जिथे ही रीत रुजली तिथेच सावधगिरीचा इशारा द्यावा लागला, हे लक्षात घ्यावे.

काही पालक ही सेवायात्रा आणि परदेशातले एमबीबीएस यांची गल्लत करतात. त्या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. परदेशात डॉक्टरकी शिकायलाही आधी नीट पात्र व्हावे लागते. २०२१ च्या नियमांप्रमाणे अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा, शिवाय तिथे एक वर्षाची इंटर्नशिप हवी. परत आल्यावर इथली परीक्षा आणि पुन्हा इंटर्नशिप आहेच. दोन आठवड्यांची सेवा म्हणजे त्या वाटेची पहिली पायरीसुद्धा नव्हे. आणखी एक, बऱ्याच देशांत पर्यटक म्हणून मिळालेल्या व्हिसावर काम करता येत नाही. कागदावर सेवा लिहिलेले असले तरी तिथला कायदा त्याला कामच समजू शकतो.

असा पाहुणा आपल्या घरी आला तर?

आता उलटा विचार करून पाहू. समजा, सातासमुद्रापारचा एक अठरा वर्षांचा मुलगा आपल्या गावच्या दवाखान्यात आला. मनाने चांगला, पण वैद्यकीचा एक धडाही झालेला नाही. आपली सून बाळंतपणाला आली आहे. तो म्हणाला, मी शिकायला आलोय, मला मदत करू द्या. आपण त्याला हात लावू देऊ का? टाके घालू देऊ का?

आपली म्हातारी त्याला सांगणार, "पोटात गोळा उठतो, अंग मोडून येतं, डोळ्यापुढं अंधारी येती." त्याला काय कळणार? आणि त्याच्या हातून चूक झालीच, तर पंधराव्या दिवशी तो विमानात बसलेला असेल. निस्तरायला आपली नर्सबाई आणि आपले डॉक्टर.

नोंदणी नसताना वैद्यकी करणे आपल्याकडे गुन्हा आहे. जे आपल्या माणसावर आपण होऊ देणार नाही, ते दुसऱ्या गरीब माणसावर, तो लांबचा आहे म्हणून, चालेल का? तिकडच्या आईलाही तिचे लेकरू आपल्याइतकेच प्यारे असते.

सोलापूरचा डॉक्टर चीनला गेला

म्हणजे परदेशी सेवेला जाऊच नये का? तसे नाही. महाराष्ट्राने तर याचा मोठा दाखला घालून दिला आहे.

१९३७ साली जपानने चीनवर स्वारी केली होती. चीनच्या हाकेला ओ देऊन काँग्रेसने १९३८ साली पाच डॉक्टरांचे पथक धाडले. त्यात नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. कोटणीसांचा जन्म १९१० सालचा, म्हणजे जाताना वय अठ्ठावीसच्या आत. पण ते मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर होऊन गेले होते. हातात विद्या होती.

पथकातले बाकीचे एकेक करून परतले, कोटणीस राहिले. ते चिनी भाषा शिकले. रणांगणाच्या जवळ, मिळेल त्या साधनांनी जखमींवर शस्त्रक्रिया केल्या, तिथल्या तरुणांना वैद्यकी शिकवली. १९४१ साली बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. तिथल्याच क्वो छिंगलान या परिचारिकेशी त्यांनी लग्न केले, मुलगा झाला. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, अपस्माराच्या आजारात त्यांचे निधन झाले. चीन त्यांना आजही विसरलेला नाही. व्ही. शांताराम यांनी १९४६ साली त्यांच्यावर चित्रपट काढला, तो आपल्यापैकी कित्येकांच्या वडीलधाऱ्यांनी पाहिला असेल.

कोटणीसांजवळ तीन गोष्टी होत्या: विद्या, तिथली भाषा आणि मुक्काम. दोन आठवड्यांच्या यात्रेला निघालेल्या बारावीच्या मुलाजवळ यांतली एकही नसते. दोष त्याच्या मनाचा नाही. त्याची शिदोरीच अजून बांधून झालेली नाही.

परदेश शिकण्यासाठी, सेवा आपल्या माणसांत

आपली थोर माणसे परदेशी गेली नाहीत असे नाही, पण बहुतेक शिकायला गेली. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला गेल्या त्या डॉक्टर होण्यासाठी, आणि १८८६ साली पदवी घेऊन परतल्या. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे अमेरिकेत सार्वजनिक आरोग्य शिकले आणि १९७० साली नगर जिल्ह्यातल्या, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, जामखेडला येऊन बसले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग हेही अमेरिकेत शिकून आले आणि गडचिरोलीत राहिले.

जामखेडला आरोळे दांपत्याने खेड्यातल्या बायकांना आरोग्याचे काम शिकवले. त्यांतल्या कित्येकींना अक्षरओळखही नव्हती. गडचिरोलीत बंग दांपत्याने गावच्या बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. त्यामुळे बालमृत्यू कसे घटले, हे १९९९ साली लॅन्सेट या जगन्मान्य वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. या बायकांजवळ पदवी नव्हती, विमानाचे तिकीट नव्हते. पण त्याच तीन गोष्टी होत्या: शिकवणूक, भाषा आणि मुक्काम. हाताला चूक झाली तर दुसऱ्या दिवशी त्याच घरासमोरून पाण्याला जायचे आहे, ही जाणीव होती.

डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांच्या हेमलकसाच्या कामाला १९७३ च्या डिसेंबरात सुरुवात झाली. सुरुवातीला माणसे जवळ येत नव्हती. त्यांनी माडिया भाषा शिकून घेतली आणि तिथेच राहिले, तेव्हा विश्वास बसला. दोन आठवड्यांत ही गोष्ट होत नसते.

मग मुलीने काय करावे?

तिचा प्रश्न मात्र झटकून टाकू नये. "मला हे काम जमेल का?" असे बारावीआधी विचारणारी पोर शहाणी आहे. कित्येक मुले आईबापाच्या हौसेखातर या वाटेला लागतात आणि मग तडफडतात. तिला पाहू द्यावे, पण जवळ.

गावात आशाताई आहेत. त्यांच्याबरोबर सुटीत आठ दिवस घरोघर हिंडावे. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या किंवा सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरांना भेटून, रीतसर परवानगी घेऊन, बाह्यरुग्ण विभागात नुसते बसावे. केसपेपर काढायला लागलेल्या रांगेत म्हाताऱ्या माणसाला हात द्यावा. वाचता न येणाऱ्याला कोणती खिडकी ते दाखवावे. सुईला, औषधाला, जखमेला हात लावू नये. कोणाचा काय आजार पाहिला, ते गावात बोलू नये. डॉक्टरकीचा पहिला नियम तिथेच शिकून होतो.

पुढे प्रवेश मिळाला की वाट आणखी रुंद होते. वर्ध्याजवळ सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय १९६९ पासून आहे. तिथे नव्या विद्यार्थ्यांना सुरुवातीला आश्रमात राहावे लागते, खेड्यात शिबिर असते, आणि काही कुटुंबे त्यांच्याकडे सोपवली जातात. हेही सेवेचेच शिक्षण आहे. डॉक्टर होऊन हात तयार झाल्यावर परदेशाची ओढ राहिलीच, तर खुशाल जावे. १९७१ साली फ्रान्समध्ये निघालेली आणि १९९९ साली शांततेचे नोबेल मिळालेली 'सीमेविना डॉक्टर' ही संघटना युद्धात, दुष्काळात, साथीत काम करते. ती शिकलेले आणि अनुभवी डॉक्टरच घेते, आणि त्यांच्याकडून पैसे घेत नाही, उलट त्यांना मानधन देते. सेवेची खरी हाक आणि सेवेचा धंदा यांतला फरक ओळखायला एवढी एक खूण पुरे.

कोणी म्हणेल, जग पाहण्यात वाईट काय? काहीच वाईट नाही. ऐपत असेल तर जग जरूर पाहावे. पण त्याला फिरणे म्हणावे, सेवा म्हणू नये. आणि सोयाबीन विकून किंवा कर्ज काढून तर नकोच. दोन लाखांत वसतिगृहाचा, खाणावळीचा, पुस्तकांचा खर्च किती महिने निघेल, हा हिशेब आधी घरी बसून मांडावा.

दिवाळीनंतर ते शेतकरी पुन्हा भेटले. पोरगी सुटीत आशाताईबरोबर आठ दिवस हिंडली होती.

"काय म्हणते?" मी विचारले.

"म्हणती, आपल्याच गल्लीतल्या एका म्हातारीला बीपीच्या गोळ्या दिलेत दवाखान्यानं. ती डोकं दुखलं तरच खायची. बाकीच्या डब्यात जपून ठिवायची, सरू नयेत म्हणून. पोरीनं रोज सकाळी जाऊन खाऊ घातल्या. आता म्हातारी हिचीच वाट बघत बसती."

"आणि परदेशाचे?"

ते हसले. "ती म्हणली, आबा, आधी शिकते. मग बघू."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असे आपले होऊ नये. शिदोरी भरलेली असली म्हणजे वाट लांबची असली तरी भीती नाही. पण ती शिदोरी घरच्या चुलीवरच तयार होते.