शेतकऱ्यांची उत्तरे तक्त्यात कशी मांडावीत

“सोयाबीनला बीजप्रक्रिया का केली नाही?” असे पाहणीत विचारता शेतकरी सांगतो, “औषध मिळाले नाही. शिवाय वाफसा जाईल म्हणून पेरणीची घाई झाली.” येथे कारणे दोन आहेत. संगणकावरील तक्त्यात ‘कारण’ असा एकच रकाना असल्यास पहिले नोंदले जाते, दुसरे गळते. मग गावात औषध पोचूनही बीजप्रक्रिया होत नाही.

यास्तव प्रत्येक शेतकऱ्यास एक ओळ व प्रत्येक कारणास स्वतंत्र रकाना द्यावा. कारण सांगितल्यास १, न सांगितल्यास ० लिहावे. प्रश्नच विचारला नसेल तर जागा कोरी ठेवावी; तेथे शून्य भरल्यास शेकडेवारी उगाच कमी दिसते. कारणांची यादी कचेरीत बसून न करता पंचवीस-तीस उत्तरे वाचून करावी. मूळ उत्तरही एका रकान्यात जसेच्या तसे ठेवावे. पुढे नवे कारण आढळल्यास जुन्या ओळी त्यावरून पुन्हा तपासता येतात.