समाजशास्त्रातील पीएच.डी. : प्रवेश आणि अर्थसाहाय्य यांचा मेळ

प्रस्तावना :

मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये समाजशास्त्र विभागाची स्थापना झाली. पॅट्रिक गेडिस हे त्याचे पहिले प्राध्यापक होत. त्यांच्या पाठिंब्याने गोविंद सदाशिव घुर्ये यांना विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळाली व ते उच्च शिक्षणासाठी इंग्लंडला गेले. केंब्रिज येथे डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांचे संशोधन सुरू झाले. १९२२ मध्ये रिव्हर्स यांचे निधन झाल्यावर ए. सी. हॅडन यांच्याकडे त्यांनी ते पूर्ण केले. पुढे १९२४ मध्ये घुर्ये मुंबईच्या विभागाचे प्रमुख झाले. भारतीय समाजशास्त्राच्या उभारणीतील या घटनाक्रमात विद्यापीठातील प्रवेश, मार्गदर्शक आणि अर्थसाहाय्य या तिन्ही बाबी एकमेकींत गुंतलेल्या दिसतात. आजच्या संशोधकासही या तिन्ही बाबी आवश्यक आहेत. मात्र त्या तीन वेगवेगळ्या यंत्रणांकडून, तीन वेगवेगळ्या वेळी मिळवाव्या लागतात. त्यांचा मेळ कसा घालावा, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रवेशाची पात्रता व प्रक्रिया :

विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२२ मध्ये पीएच.डी. संदर्भातील नवे विनियम अधिसूचित केले. त्यांनुसार एम.फिल. अभ्यासक्रम बंद करण्यात आला. तथापि यापूर्वी प्राप्त केलेली एम.फिल. पदवी वैध असून किमान ५५ टक्के गुणांसह ती असणारा उमेदवार पीएच.डी. प्रवेशास पात्र ठरतो. विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत निम्मा भाग संशोधन पद्धतीचा व निम्मा भाग विषयाचा असतो. परीक्षेच्या गुणांना ७० टक्के, तर मुलाखतीस ३० टक्के भारांश दिला जातो.

२०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून 'नेट' परीक्षेचा निकाल तीन गटांत लावला जातो : जेआरएफसह सहायक प्राध्यापक पात्रता, सहायक प्राध्यापक पात्रता व पीएच.डी. प्रवेश, आणि केवळ पीएच.डी. प्रवेश. यांपैकी दुसऱ्या व तिसऱ्या गटातील गुण पीएच.डी. प्रवेशासाठी एकच वर्ष ग्राह्य असतात. त्या वर्षात संबंधित विद्यापीठाने जागा जाहीर केल्या नाहीत, तर ती संधी निघून जाते.

प्रवेशानंतर किमान १२ श्रेयांकांचे कोर्सवर्क पूर्ण करावे लागते. पीएच.डी.चा किमान कालावधी तीन वर्षे व कमाल सहा वर्षे असून पुनर्नोंदणीने दोन वर्षे वाढवून मिळू शकतात. महिला व ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असणाऱ्या संशोधकांना आणखी दोन वर्षांची सवलत आहे. मात्र एकूण कालावधी दहा वर्षांपेक्षा अधिक असू शकत नाही.

मार्गदर्शक व संशोधन आराखडा :

प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा व सहायक प्राध्यापकाकडे चार संशोधक असू शकतात. निवृत्तीस तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्या मार्गदर्शकास नवे संशोधक घेता येत नाहीत. त्यामुळे अर्ज करण्यापूर्वीच मार्गदर्शकाकडील रिक्त जागा व त्यांचा उर्वरित सेवाकाल यांची माहिती घेणे उपयुक्त ठरते.

आराखड्यात विषयाचे महत्त्व विस्ताराने लिहिले जाते; क्षेत्रकार्याचा तपशील मात्र अनेकदा एका परिच्छेदात संपतो. समाजशास्त्रात हा दोष महागात पडतो. 'ऊसतोड कामगारांचे स्थलांतर' हा विषय घेतला, तर मूळ गाव व कारखान्याचा परिसर अशा दोन ठिकाणी आणि तेही गळीत हंगामाच्या काळात वास्तव्य करावे लागेल. प्रवास, निवास, मुलाखतींचे लिप्यंतर यांसाठी किती महिने व किती खर्च लागेल, हे आराखड्यातच मांडले असेल तर प्रवेशाच्या मुलाखतीत व अधिछात्रवृत्तीच्या अर्जातही त्याचा आधार मिळतो.

अर्थसाहाय्याचे स्रोत :

यांत प्रथम स्थान जेआरएफचे आहे. १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये व त्यानंतर वरिष्ठ अधिछात्र म्हणून दरमहा ४२,००० रुपये, असे हे दर आहेत. कमाल पाच वर्षांचा हिशेब केल्यास घरभाडे भत्ता व सादिल निधी वगळता ही रक्कम २४ लाख रुपये होते. त्यासाठीची वयोमर्यादा ३० वर्षे असून महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग (नॉन-क्रीमीलेअर), दिव्यांग व तृतीयपंथी उमेदवारांना पाच वर्षांची सवलत आहे.

भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद दोन वर्षांची डॉक्टरल अधिछात्रवृत्ती देते. मात्र तिच्यासाठी पीएच.डी. नोंदणी आधी झालेली असावी लागते. महाराष्ट्रात अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा व कुणबी समाजासाठी सारथी, तर इतर मागासवर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गासाठी महाज्योती या संस्थांच्या अधिछात्रवृत्ती आहेत. त्यांच्या जागा, निवडपद्धती व जाहिरातीचा काळ वेळोवेळी बदलत आला आहे. म्हणून मागील वर्षाची जाहिरात हाच नियम, असे गृहीत धरू नये.

या व्यवस्थेची तुलना अमेरिकेशी केल्यास फरक स्पष्ट होतो. तेथील अनेक विद्यापीठांत समाजशास्त्राच्या पीएच.डी. प्रवेशासोबतच शुल्कमाफी व अध्यापन वा संशोधन साहाय्यकाचे मानधन देऊ केले जाते. अर्ज साधारणतः डिसेंबरमध्ये करावयाचा असतो आणि अर्थसाहाय्यासह आलेल्या प्रस्तावाचा स्वीकार करण्यास १५ एप्रिलपर्यंत मुदत असते. आपल्याकडे मात्र जागा विद्यापीठ देते व पैसा अन्य संस्था देते.

सेवेतील अध्यापकांची अडचण :

२०१८ च्या विनियमांनुसार सहयोगी प्राध्यापकपदासाठी पीएच.डी. आवश्यक आहे. सेवेतील अध्यापकांना पूर्वी आयोगाच्या अध्यापक सुधार योजनेचा मोठा आधार होता. पंचवार्षिक योजनांशी जोडलेली ही योजना बाराव्या योजनेच्या समाप्तीनंतर, म्हणजे २०१७ नंतर, उरली नाही. आता किमान तीन वर्षांच्या सलग सेवेनंतर अभ्यासरजेची तरतूद आहे. अन्यथा अर्धवेळ पीएच.डी.चा मार्ग उरतो. त्यासाठीच्या ना हरकत प्रमाणपत्रात कामकाज सांभाळून संशोधनास पुरेसा वेळ मिळेल व आवश्यकतेनुसार कोर्सवर्कसाठी कार्यमुक्त केले जाईल, असे महाविद्यालयाने नमूद करावयाचे असते. व्यवहारात हे प्रमाणपत्र एक औपचारिकता ठरते आणि क्षेत्रकार्य दिवाळी व उन्हाळ्याच्या सुट्टीत उरकावे लागते.

तासिका तत्त्वावरील अध्यापकाची स्थिती याहून कठीण आहे. एम.ए., एम.फिल., नंतर काही वर्षे तासिका, अशा क्रमाने तो तिशी ओलांडतो. जेआरएफचे वय गेलेले असते आणि अभ्यासरजेचा लाभही त्यास मिळत नाही. अशा वेळी गावात सहा महिने राहून अभ्यासावयाचा प्रश्न बाजूला पडतो व शहरात शंभर प्रश्नावल्या भरून होणारा विषय निवडला जातो. अर्थसाहाय्याचा अभाव केवळ संशोधकास गाठतो असे नव्हे. कोणत्या समाजाचा अभ्यास होणार व कोणाचा होणार नाही, हेही त्यातून ठरते.

नियोजनाची दिशा :

१. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षापासूनच विद्यार्थ्यांनी नेट-जेआरएफची तयारी करावी. वयोमर्यादेचे वर्ष नोंदवून ठेवावे.
२. प्रवेश व अधिछात्रवृत्ती यांच्या तारखा, पात्रता व वैधता एकाच तक्त्यात मांडाव्यात.
३. जात प्रमाणपत्र, नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र व ना हरकत प्रमाणपत्र प्रवेशापूर्वीच तयार ठेवावे.
४. क्षेत्रकार्याचे अंदाजपत्रक आराखड्यास जोडावे.
५. महाविद्यालयाने ना हरकत प्रमाणपत्र देताना संशोधक अध्यापकाच्या वेळापत्रकात आठवड्याचा एक दिवस मोकळा ठेवावा.

समारोप :

पीएच.डी. प्रवेशाची प्रक्रिया २०२२ नंतर अधिक सुस्पष्ट झाली असली, तरी अर्थसाहाय्याची वाट तिच्याशी जुळलेली नाही. धोरण बदलेपर्यंत हा मेळ संशोधकानेच घालावयाचा आहे. तथापि ते ओझे त्याने एकट्याने वाहावे, हे योग्य नव्हे. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यास योग्य वर्षी योग्य माहिती देणे हे महाविद्यालयीन अध्यापकाच्या हाती आहे. ती वेळेवर मिळाली, तर एखादे चांगले संशोधन वयोमर्यादेच्या एका वर्षाने हुकणार नाही.