घरी अर्धांगवायूचा रुग्ण आहे? मोबाइल असा कामाला लावा

अर्धांगवायूचा रुग्ण दवाखान्यातून घरी आला की खरी कसोटी घरच्यांची लागते. फिजिओथेरपिस्ट व्यायाम करून घेत असतील तेव्हा त्यांना विचारून व्हिडिओ काढून ठेवा. उठवताना आधार नेमका कुठे द्यायचा, हे चार दिवसांनी आठवत नाही. लुळा हात ओढून कुणीही उठवू नये, खांदा निखळू शकतो. व्हिडिओ दाखवला की पाळीपाळीने बसणाऱ्या सगळ्यांना ते कळतं.

बोलणं गेलं असेल तर आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' हे मोफत ॲप बघा. चित्रावर बोट ठेवलं की ते मराठीत बोलतं. पण ते मुळात लहान मुलांसाठी केलेलं आहे, काही वडीलधाऱ्यांना ती चित्रं रुचत नाहीत. मग घरातल्याच वस्तूंच्या फोटोंचा अल्बम करा: त्यांचाच चष्मा, चहाचा कप, संडासाचं दार, पंख्याचं बटण. मला तर हाच उपाय जास्त आवडतो.

औषधांचे आणि दर दोन तासांनी कूस बदलण्याचे गजर लावा. बाहेर नेणं अवघड असेल तर 'ई-संजीवनी' या सरकारी ऑनलाइन सेवेवर डॉक्टरांचा सल्ला मोफत मिळतो. मात्र तोंड पुन्हा वाकडं दिसलं किंवा बोलणं अचानक अडखळलं, तर ॲप उघडत बसू नका. थेट १०८ लावा.