हार्ट फेल म्हणजे काय, आणि घरी काळजी कशी घ्यायची



मागच्या महिन्यात ग्रामसंघाच्या बैठकीत कर्जमागणीचे अर्ज वाचत होतो. एका ताईंनी २० हजारांची मागणी केली होती, कारण ‘दवाखाना’. वर्षातला हा तिसरा अर्ज, म्हणून अध्यक्षताईंनी जरा खोलात विचारलं. तर ताई म्हणाल्या, “मालकांचं हार्ट फेल झालंय. आता काय राहिलंय?” आणि पदर डोळ्याला लावला. मालक त्या वेळी घरी ओट्यावर बसून चहा पीत होते.

मला हसू नाही आलं. चार वर्षांपूर्वी माझ्या सासूबाईंच्या डिस्चार्ज कार्डावर हेच दोन शब्द होते आणि मीही दवाखान्याच्या जिन्यात बसून अशीच रडले होते. आपल्याला वाटतं फेल म्हणजे संपलं. तसं नसतं. मी डॉक्टर नाही, गटाची आरोग्य सखी आहे. दवाखान्यात, उपकेंद्रात जे समजावून सांगितलं आणि घरात चुका करून जे शिकले, ते लिहिते. कुठली गोळी किती घ्यायची ते मात्र तुमचे डॉक्टरच सांगतील.

हृदय म्हणजे विहिरीवरची मोटर धरा. मोटर जळाली तर पाणी बंदच. पण व्होल्टेज कमी असलं तर मोटर चालते, पाणीही येतं, फक्त शेवटच्या सरीपर्यंत पोचत नाही. हार्ट फेल म्हणजे हे दुसरं. हृदय चालू असतं, पण शरीराला लागेल तेवढं रक्त जोरानं ढकलू शकत नाही. मग मागे तुंबारा होतो. फुप्फुसांत पाणी साठलं की दम लागतो, पायांत साठलं की सूज येते. मूत्रपिंडांना वाटतं शरीरात पाणीच कमी आहे, म्हणून ती मीठ आणि पाणी धरून ठेवतात, आणि तुंबारा आणखी वाढतो. हार्ट अटॅक वेगळा. त्यात हृदयाला रक्त पुरवणारी नळी अचानक बंद होते. मोठा अटॅक येऊन गेल्यावर पुढे हृदय कमजोर होऊ शकतं, एवढं दोघांचं नातं.

इकोच्या रिपोर्टवर ‘ईएफ’ असा आकडा असतो. आमचा ३० होता. घरात सगळे म्हणाले, ७० टक्के हृदय गेलं. डॉक्टरांनी हसून सांगितलं की धडधाकट माणसाचाही १०० कधीच नसतो, साधारण ५५ ते ७० असतो. प्रत्येक ठोक्याला हृदय त्याच्यात भरलेल्या रक्तातलं किती बाहेर टाकतं, त्याचा हा आकडा. औषधं नीट घेतली तर बऱ्याच जणांचा तो वाढतो. आणि काही जणांचा आकडा चांगला असूनही हृदय कडक झाल्यामुळे हाच त्रास होतो, विशेषतः वय झालेल्या, बीपी-शुगर असलेल्या बायकांना. म्हणून नुसत्या आकड्यावर जाऊ नका.

हे होतं कशानं? वर्षानुवर्षं वाढलेलं बीपी, अटॅक, शुगर, दारू. आपल्याकडे आणखी एक कारण आहे ज्याकडे लक्ष जात नाही. लहानपणी घसा दुखून ताप येतो, मग एकेक सांधा सुजतो, आणि त्यातून हृदयाच्या झडपा खराब होतात. अशा मुलामुलींना दर तीन आठवड्यांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन वर्षानुवर्षं घ्यावं लागतं. पोरगी बरी दिसते म्हणून ते बंद करू नका. दुसरं बाळंतपणाचं. दिवस भरत आल्यावर किंवा बाळंतपणानंतरच्या पाच महिन्यांत काही बायकांचं हृदय अचानक कमजोर होतं. बाळंतिणीला आडवं झालं की दम लागतो, रात्री उठून बसावं लागतं, पाय सुजतात, आणि घरचे म्हणतात अशक्तपणा आहे, डिंकाचे लाडू द्या. लाडू द्या, पण आधी तिला दवाखान्यात न्या. आणि ज्या ताईला असं एकदा झालंय, तिनं पुन्हा दिवस राहण्याआधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारलंच पाहिजे. हृदयाच्या काही गोळ्या पोटातल्या बाळाला चालत नाहीत.

ओळखायचं कसं? सासूबाई आधी एका उशीवर झोपायच्या, मग दोन लागायला लागल्या, मग भिंतीला टेकून. आम्ही म्हटलं वय झालं. नळावरून घरी येताना दोनदा थांबायच्या. रात्री खोकला. संध्याकाळी चपलेचा पट्टा पायात रुतायचा, आणि नडगीवर बोट दाबलं तर खड्डा राहायचा. दोन घासांत पोट भरायचं. हे सगळं आमच्या डोळ्यासमोर तीन महिने चाललं होतं. घरातल्या पुरुषाला दम लागला असता तर आठवड्यात गाडी केली असती, हे मला मान्य करावं लागेल.

पहिल्या वेळी आठ दिवस दवाखान्यात राहून त्या छान होऊन आल्या. आम्हाला वाटलं आजार गेला. हीच पहिली चूक. हा आजार बीपी-शुगरसारखा सोबत राहणारा आहे. गोळ्यांमुळे बरं वाटतं, म्हणून गोळ्या थांबवायच्या नसतात.

गोळ्या चार-पाच प्रकारच्या असतात. एक लघवीची, ती साठलेलं पाणी काढते. बाकीच्या हृदयावरचा भार कमी करतात, ठोके आवरतात, आणि त्याच आयुष्य वाढवतात. त्यांचा गुण लगेच दिसत नाही म्हणून लोक त्या सोडतात आणि फक्त लघवीची ठेवतात. हल्ली शुगरची एक गोळी शुगर नसलेल्यांनाही हृदयासाठी देतात, ती पाहून घाबरू नका. बीपीच्या एका जातीच्या गोळीनं कोरडा खोकला येतो. आला तर डॉक्टरांना सांगायचं, ते बदलून देतात. उठताना चक्कर येत असेल तर तेही सांगायचं. उपास असला तरी गोळ्या घ्यायच्याच.

आता लघवीच्या गोळीचं, कारण बायकांचं सगळं घोडं इथेच अडतं. पुतणीचं लग्न होतं, वऱ्हाडाची गाडी, वाटेत कुठे सोय नाही. मीच सासूबाईंना म्हटलं, “आत्या, आज राहू द्या ती गोळी.” लग्न, हळद, पाहुणे करत चार दिवस राहिली. त्यात लग्नातलं जेवण. पाचव्या रात्री त्यांना श्वास घेता येईना आणि पुन्हा दवाखाना. नंतर डॉक्टर म्हणाले, मला विचारलं असतंत तर वेळ बदलून दिली असती. बाजाराला, शेताला, लग्नाला जायच्या दिवशी सकाळची गोळी घरी परतल्यावर दुपारी घेता येते का, हे तुमच्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. संध्याकाळी उशिरा घेतली तर रात्रभर उठावं लागतं आणि अंधारात पडायची भीती. पण एक दिवस बुडवणं हा उपाय नाही.

तिसरी वेळ गुडघेदुखीनं आणली. मेडिकलमधून अंगदुखीच्या गोळ्या आणल्या, पाच दिवस घेतल्या. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या जातीच्या गोळ्या शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात आणि मूत्रपिंडांनाही त्रास देतात. खुरपणीच्या दिवसांत आपण सगळ्याच त्या घेतो, म्हणून हे मुद्दाम लिहिते. हृदयाच्या रुग्णाला या गोळ्या चालत नाहीत. दुखत असेल तर काय चालेल ते डॉक्टरांनाच विचारा. पोटात गॅस झाला म्हणून पाण्यात फसफसणारी पुडी घेतात, तिच्यातही सोडा म्हणजे एक प्रकारे मीठच.

मिठावर जरा जास्त लिहिते. निरोगी माणसालाही दिवसाला एक लहान चमचा, म्हणजे ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे असतं. आपण भाजीत तेवढं घालतो, पण खरं मीठ ताटाच्या डाव्या बाजूला असतं. लोणचं, पापड, ठेचा, खारवलेली मिरची, सुकट, बोंबील, फरसाण. सैंधव मीठ उपासाला चालतं म्हणून हृदयाला चालेल असं नाही, तेही मीठच. आणि बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं ते तर विचारल्याशिवाय आणूच नका. त्यात पोटॅशियम असतं, आणि हृदयाच्या काही गोळ्यांसोबत ते रक्तात वाढून ठोके बिघडू शकतात. रोजच्या नारळपाण्याचंही तसंच, विचारून घ्या.

सासूबाईंसाठी वेगळा स्वयंपाक करायचा म्हटलं तर कोण करणार? आणि त्यांनाही ते आवडेना, “मला आजारी करून ठेवलं” म्हणायच्या. म्हणून आम्ही सगळ्यांच्याच भाजीतलं मीठ कमी केलं, भाकरीच्या पिठात घालणं बंद केलं. ज्याला हवं त्यानं वरून घ्यावं. लिंबू, आमसूल, कोथिंबीर, लसूण, जिऱ्याची पूड यांवर चव भागते. पहिले पंधरा दिवस मुलांनी तोंडं वाकडी केली, आता शेजारची भाजी त्यांना खारट लागते.

पाण्याचं प्रत्येकाचं वेगळं. काहींना डॉक्टर दिवसाला दीड-दोन लिटर ठरवून देतात, काहींना बंधन नसतं. ठरवून दिलं असेल तर चहा, ताक, आमटी सगळं त्यातच धरायचं. आम्ही सकाळी दीड लिटरची बाटली भरून ठेवतो. चहा घेतला की तेवढं पाणी बाटलीतून झाडाला. रात्री बाटली रिकामी, हिशोब संपला. उन्हाळ्यात, किंवा जुलाब-उलट्या लागल्या तर मात्र उलटं होतं, शरीर सुकतं. अशा वेळी त्याच दिवशी दवाखान्यात विचारायचं.

आणि वजन. सकाळी उठल्यावर, लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, रोज त्याच काट्यावर. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ती चरबी नव्हे, पाणी आहे. दम लागायच्या काही दिवस आधी काटा सांगतो. तेव्हाच दवाखान्यात गेलं तर बऱ्याचदा गोळीत बदल करून काम भागतं, ॲडमिट व्हावं लागत नाही. आमच्या गटानं ठराव करून एक वजनकाटा घेतला आणि तो सध्या आमच्याकडे असतो. वहीत तारीख, वजन, पायाला सूज आहे की नाही, उशा किती, एवढंच लिहितो. पाचवीतली नात लिहिते.

थोडं चालणं चांगलं, बोलता येईल इतक्या वेगानं. मिश्री आणि तंबाखू बंद. यावर सासूबाईंशी माझं वर्षभर भांडण चाललं, ती गोष्ट पुन्हा कधी. फ्लूची लस घ्यावी का तेही विचारा, कारण साध्या तापा-खोकल्यानंही हे रुग्ण बिघडतात.

बसल्या जागी दम लागला, गुलाबी फेसाळ थुंकी आली, छातीत दुखलं, शुद्ध हरपली, तर वाट बघायची नाही. १०८ ला फोन करायचा, गाडी फुकट असते. शुद्धीवर असेल तर आडवं करू नका. पाठीला उशा लावून बसवा, पाय खाली सोडा. सगळ्या शेजारणींना खोलीत उभं करू नका आणि पाणी पाजायचा आग्रह नको.

आता पैशाचं. पहिल्या वेळी आम्ही सावकाराकडून महिना ५ टक्क्यांनी पैसे उचलले, कारण गटात मागायची लाज वाटली. शासनाच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून, आयुष्मान कार्डावर, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. पण योजनेतल्या दवाखान्यात आणि ठरलेल्या उपचारांसाठीच. म्हणून ॲडमिट व्हायच्या आधी दारातल्या आरोग्यमित्राला विचारायचं, बिल झाल्यावर नाही. रोजच्या गोळ्या त्यात बसत नाहीत. बीपी-शुगरच्या बऱ्याच गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळतात आणि बाकीच्या जनऔषधी केंद्रात स्वस्त पडतात. त्या ताईंचा २० हजारांचा अर्ज आम्ही मंजूर केला, पण आधी मी आणि आशाताई त्यांच्या घरी जाऊन गोळ्यांची पिशवी उघडून बघितली. पाचपैकी दोनच चालू होत्या.

ज्यांच्या घरात असा रुग्ण आहे त्यांनी रेशन कार्ड, आधार, आयुष्मान कार्ड, शेवटचं डिस्चार्ज कार्ड, इको आणि चालू गोळ्यांची रिकामी पाकिटं एका पिशवीत घालून दाराच्या खुंटीला अडकवून ठेवा. आमची पिशवी लाल आहे. रात्री लाइट नसली तरी हाताला लागते.